शेवटचा स्पर्श कुणाचा?

प्रश्न : मुलगा अमेरिकेत शिकतो, त्यामुळे घरात सगळ्यांना कॉलेज बास्केटबॉलचं वेड लागलंय. बचाव करणारा मागून येऊन बॉलवर थाप मारतो, बॉल बाहेर जातो, पंच तो ड्रिबल करणाऱ्याच्या (बॉल जमिनीवर आपटत नेणाऱ्याच्या) संघाला देतात. मग रिप्ले पाहून निर्णय फिरवतात, का तर बॉल जाता जाता ड्रिबल करणाऱ्याच्याच बोटाला घासला! उडवला एकानं आणि भोगायचं दुसऱ्यानं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा संताप रास्त आहे. 'कुणी उडवला' याला नियमात जागाच नाही. बाहेर जाण्याआधी बॉलला शेवटचा स्पर्श ज्याचा, त्याच्या विरुद्ध संघाला थ्रो-इन (रेषेबाहेरून बॉल आत टाकण्याचा हक्क), एवढंच नियम सांगतो. तो लिहिला गेला तेव्हा निवाडा माणसाच्या डोळ्यावर होता. धावत्या खेळात पंचाला थाप दिसते, म्हणून ज्याच्या हातातून बॉल उडाला त्याच्याच संघाला तो मिळतो. स्लो मोशनमध्ये मात्र दिसतं, की थाप बसली तरी ड्रिबल करणाऱ्याचा हात बॉलवरून लगेच सुटत नाही. बोटांची टोकं क्षणभर मागे रेंगाळतात आणि शेवटचा स्पर्श त्यांचाच ठरतो.

पुरुषांच्या कॉलेज स्पर्धेची 2019 ची अंतिम लढत आठवा. मिनियापोलिसमध्ये व्हर्जिनिया विरुद्ध टेक्सस टेक, जादा वेळेतलं जेमतेम एक मिनिट उरलेलं. व्हर्जिनियाच्या डिआंद्रे हंटरनं डेव्हिडे मोरेटीच्या हातातून बॉल उडवला, पंचांनी तो टेक्सस टेकला दिला. रिप्लेमध्ये मोरेटीच्या करंगळीचा निसटता स्पर्श दिसला आणि बॉल व्हर्जिनियाकडे गेला. सामना 85–77 असा त्यांनीच जिंकला. नियमाच्या अक्षराप्रमाणे निर्णय बिनचूक होता. तरीही चांगला बॉल सांभाळणाऱ्याला तो शिक्षा करतो, हे आमचं ठाम मत आहे.

दुसरा अन्याय याहून मोठा आहे. थाप बॉलऐवजी मनगटावर बसली असेल, तर पडद्यावर ती सगळ्यांना दिसते. पण तपासणी फक्त स्पर्शाची, त्यावरून साधा फाउल देता येत नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगनं, एनबीएनं, 2024-25 पासून अशा तपासणीत बॉल बाहेर जाण्याला थेट कारण ठरलेला फाउल देण्याची मुभा दिली. कॉलेजच्या खेळानंही ती घ्यावी.

तोवर खेळाडूंसाठी एक गोष्ट : साईडलाईनजवळ ड्रिबल बाहेरच्या हातानं, म्हणजे रेषेकडच्या हातानं ठेवा आणि मधे आपलं अंग घाला. थाप बसलीच, तर निसटत्या बॉलमागे बोटं ताणू नका, हात झटकन मागे घ्या.

प्रश्न : आता शेवटच्या मिनिटातही बॉल कुणाचा हे बघायला पंच स्वतःहून रिप्लेच्या मॉनिटरकडे जात नाहीत. कंटाळा की नियम?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नियम. पूर्वी शेवटच्या दोन मिनिटांत आणि जादा वेळेत बॉल कुणाचा हे पंच स्वतःहून तपासू शकत. त्यात सामना तुकड्यातुकड्यांनी संपायचा. पुरुषांच्या सामन्यांत 2025-26 पासून बॉल बाहेर गेल्याचा निर्णय फक्त कोचनं चॅलेंज केलं तरच तपासला जातो, तेही सामन्यात कधीही. त्यासाठी हाताशी टाईमआऊट हवा. चॅलेंज फसलं, तर टाईमआऊटही जातो आणि पुढची संधीही. बरोबर ठरलं तर आणखी एक मिळतं. महिलांच्या सामन्यांत कोच चॅलेंज त्याआधीच्या हंगामात आलं.

म्हणून पहिल्या हाफमध्ये मैदानाच्या मध्यावरच्या एका थ्रो-इनसाठी रागाच्या भरात चॅलेंज उधळणारा कोच शेवटी हात चोळत बसतो. त्याच चॅलेंजवर गोलटेंडिंगही (बास्केटकडे खाली येणारा बॉल नियमबाह्य अडवणं) तपासता येतं आणि तिथे थेट गुणच पणाला असतात.

प्रश्न : तीन पंच असूनही चुका का? आणि ठरेना म्हटल्यावर बाण बघून बॉल देणं हा जुगार नाही का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बास्केटखालचा पंच एंडलाईन सांभाळतो, बाकीचे दोघे आपापल्या बाजूची साईडलाईन. सगळ्यात जास्त घोळ बास्केटखालच्या गर्दीत होतो. चार-पाच अंगं आडवी येतात आणि पंचाला हात दिसत नाहीत, फक्त बॉल बाहेर येताना दिसतो. अशा वेळी शिट्टी वाजवून हात वर करावा, दिशा दाखवण्याआधी सहकाऱ्याकडे नजर टाकावी. घाईनं दिशा दाखवली की मग ती बदलणं जड जातं. बऱ्याच चुका इथेच होतात, आणि टाळता येण्यासारख्या असतात.

दोघांचा स्पर्श एकाच वेळी झाला किंवा कुणालाच खात्री नसेल, तर स्कोअररच्या टेबलावरचा, पाळी कुणाची हे दाखवणारा बाण ज्याच्या बाजूनं, त्याला बॉल. पुढच्या वेळेसाठी बाण फिरतो. अंदाजानं बोट दाखवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

प्रश्न : बॉल वाचवताना रेषेबाहेर गेलेला खेळाडू परत येऊन लगेच बॉल घेऊ शकतो का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : धावण्याच्या झोकात बाहेर गेला असेल तर हो, पण आधी एक पाय आत टेकलेला हवा आणि दुसरा बाहेर टेकलेला नको. दुसरा पाय हवेत असला तरी चालतो. आपणहून बाहेर पाऊल टाकून परत आला आणि सर्वांत आधी त्यानंच बॉलला हात लावला, तर नियमभंग. आणि रेषा ही 'बाहेर'च धरतात : बुटाची कड तिला टेकली तरी खेळाडू बाहेर. हवेत असताना मात्र त्यानं उडी कुठून घेतली तेच बघतात.