पहिल्यांदाच सुपरमोटो (रोड टायर लावलेल्या मोटोक्रॉस-प्रकारच्या बाइकची शर्यत) ट्रॅकवर जातोय. बाइक, रायडिंग गिअर (अंगावरचं संरक्षक साहित्य) आणि शरीर, तिन्हीची तयारी कशी करू?

सगळ्यात आधी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. ग्लायकॉलवालं कूलंट डांबरावर सांडलं की तेवढा पट्टा घसरडा होतो आणि सहज धुतला जात नाही, म्हणून बऱ्याच ट्रॅकवर ते चालतच नाही. ते काढून डिस्टिल्ड वॉटर भरा. ऑइलच्या ड्रेन बोल्टला सेफ्टी वायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) बांधा. वायर बोल्टला घट्ट होण्याच्या दिशेने ओढणारी हवी, उलटी बांधली तर नुसती शोभा. बाइक कधी ना कधी आडवी होणार हे धरून चाला आणि अॅक्सल (चाकाचा आस), फूटपेग (पाय ठेवायची दांडी), हँडलची टोकं यांना स्लायडर, म्हणजे पडल्यावर आधी घासले जाणारे संरक्षक तुकडे, लावा. ब्रेक फ्लुइड नवं, ब्रेक पॅड जाड, चेन तपासलेली. चाकं 17 इंची, रोड टायरची. ट्रॅकवरून आत आल्या आल्या, टायर गरम असतानाच प्रेशर मोजा.

गिअरमध्ये लेदर सूट, बॅक प्रोटेक्टर, ग्लोव्हज आणि गॉगलसह मोटोक्रॉस हेल्मेट. बुटांवर मात्र पैसे वाचवू नका. वळणात पाय पुढे काढायची सवय असेल तर तळवा डांबराला घासतो, घोटा मुरगळतो. मोटोक्रॉस बूटच घ्या.

शरीराचं म्हणाल तर जिममध्ये दंड फुगवून फारसा फायदा नाही. काही लॅपमध्येच कोपराखालचे स्नायू दगड होतात आणि बोटं ब्रेक लिव्हरवरून हलेनाशी होतात. कारण बहुधा एकच, हँडल आवळून धरणं. गुडघ्यांनी बाइक पकडा, सीटवर पुढे सरकून बसा, कोपर वर ठेवा. त्यासाठी मांड्या आणि पोट मजबूत हवेत: स्क्वॉट, प्लँक, सायकलिंग. तहान लागायच्या आधीच पाणी प्या; लेदरमध्ये घाम प्रचंड येतो.