नणंदेची मुलगी

ताई, आम्ही नवरा-बायको सांगलीत राहतो. मूलबाळ नाही. दीड वर्षापूर्वी बाल कल्याण समितीच्या आदेशाने नऊ वर्षांची एक मुलगी फोस्टर केअरमध्ये, म्हणजे काही काळ सांभाळायला, आमच्याकडे आली. तिच्या आईवर मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत, ती महिन्यातून एकदा भेटायला येते. पहिले काही महिने बरे गेले. आता मुलगी फार आक्रस्ताळी झाली आहे. शाळेत 'माझे कुटुंब' यावर दहा ओळी लिहायला सांगितल्या, तर हिने वही फाडली आणि मी हात धरला तर कडकडून चावली. तिच्यासाठीचं सरकारी अनुदान चार महिने आलेलं नाही. माझ्या मदतीला कोणी नाही. (उगाच चौकशा नकोत म्हणून सोसायटीत ती नणंदेची मुलगी असल्याचं सांगितलंय. संस्थेच्या ताई घरी येतात, त्यांनाही मी फाईल पिशवीत घालून यायला सांगते.) खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका तिला अभ्यासाला बोलावतात, पण त्या फार खोदून विचारतात म्हणून पाठवत नाही. इतकं करूनही ती मला मामीच म्हणते. दोन वर्षांनी दत्तक घेता येतं असं ऐकलं होतं, पण आता वाटतं, बालगृहात परत पाठवावं. काय करू?
– थकलेली

थकलेल्या बाई,

तुमच्या पत्रात मी त्या कंसापाशीच अडकले. जे कंसात टाकलंत, तेच तुमचं खरं दुखणं आहे.

नणंदेची मुलगी! अहो, मग नणंद भाऊबीजेला आली तेव्हा काय केलंत? जिन्यात कोणी भेटलं तर पोरीने कुणाला आई म्हणायचं ठरलं होतं? आणि दर महिन्याला तिची खरी आई येते, ती सोसायटीत कोण म्हणून येते? शाळेच्या हजेरीत एक आडनाव, लिफ्टमध्ये दुसरं नातं. हा सगळा हिशेब तुम्ही नऊ वर्षांच्या मुलीला सांभाळायला दिलात, आणि वर ती चिडचिड करते म्हणून तक्रार.

त्या दहा ओळींत तिने काय लिहायचं होतं, सांगा बरं. खरं लिहिलं तर तुम्ही उघड्या पडता. तुमचं खोटं लिहिलं तर स्वतःची आई पुसून टाकावी लागते. तिने वही फाडली. मीही फाडली असती. आणि मामीचं म्हणाल, तर नणंदेची मुलगी मामीच म्हणणार! नातं तुम्ही नेमून दिलंत, ती बिचारी इमानाने निभावते आहे.

तुम्ही काही चोरून मूल आणलेलं नाही. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 44 प्रमाणे मूल समितीच्या लेखी आदेशाने घरात येतं. समितीने दर महिन्याला फोस्टर कुटुंबाची पाहणी करावी, आईवडील असमर्थ ठरले असतील तर त्यांना मुलाला भेटायला येता यावं, ते सावरले तर मुलाने परत जावं, हे सगळं त्याच कलमात आहे. घरी येणाऱ्या ताई म्हणजे तुमच्यावरची पाळत नव्हे. 'मला झेपत नाहीये, मुलगी चावते, समुपदेशक मिळेल का' हे म्हणायला तुमच्या हक्काचं ते एकमेव माणूस आहे. त्यांना तुम्ही चहा पाजून, 'सगळं ठीक आहे' म्हणून वाटेला लावत असणार. फाईल लपवायला लावणाऱ्या घरात दुसरं काय होणार?

दोन वर्षांचं तुम्ही ऐकलंत ते 2024 च्या मार्गदर्शक सूचनांमधलं. आधी ती मुदत पाच वर्षांची होती. पण ज्या मुलांना दत्तक द्यायला कायद्याने मोकळीक आहे, त्यांच्यासाठी ते आहे. हिची आई हयात आहे, उपचार घेते आहे, लेकीला भेटायला येते आहे. ती आशा सोडा. त्या आशेपोटीच तुम्हाला ती बाई मध्ये येणारी वाटू लागली की काय, अशी मला शंका आहे.

अनुदानाच्या बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेचे महिन्याचे 2250 रुपये असोत की केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेचे 4000, ते मुलीचे आहेत, कोणी उपकार करत नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आता ऐका. या रविवारी मुलीला जवळ बसवा आणि सांगा की लोकांशी आम्ही खोटं बोललो, तुलाही बोलायला लावलं, हे यापुढे बंद. मग लोकांना काय सांगायचं, हे तिला विचारा. आईचा आजार, आधीचं घर, बालगृहातले दिवस, हे तिचं आहे. ते तुम्ही हळदीकुंकवात वाटत सुटायचं नाही. 'ही आमच्याकडे राहते, समितीने आमच्याकडे सोपवली आहे' एवढं सांगणं तिला चालत असेल तर तेवढंच सांगा. पुढे कोणी टोकरलं तर 'ते तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल' म्हणा आणि गॅसवर काहीतरी ठेवलंय असं सांगून आत जा. हे एवढं खोटं चालेल.

परत पाठवायचं समितीला आत्ता काही कळवू नका, आणि चिडून तिच्यासमोर बालगृहाचं नावही काढू नका. आधी ताईंना फोन करा आणि चावण्यासकट सगळं सांगा.

मग मुलगी हो म्हणाली तर तिला घेऊन खाली शिक्षिकाबाईंकडे जा. मदतीला कोणी नाही म्हणता, आणि जी दाराशी येऊन बोलावते तिला तुम्हीच टाळता. त्या खोदून विचारतील. विचारू देत, आता उत्तर तयार आहे. रोज संध्याकाळी तासभर मुलगी त्यांच्याकडे पाढे म्हणत बसली, तर तुम्हालाही जरा पाठ टेकायला मिळेल.