वाचकांचे प्रश्न : ‘व्हिक्टोरिया’ आणि पहाटेचा मोह

प्रश्न : आमच्या चित्रपट मंडळात ‘व्हिक्टोरिया’ हा २०१५ चा जर्मन थरारपट पाहिला. १३८ मिनिटांचा हा चित्रपट एकाही कटाशिवाय, म्हणजे मध्ये कुठेही चित्रण न थांबवता, चित्रित झाला, असे सांगतात, ते खरे आहे का? शिवाय, एक साधी मुलगी काही तासांच्या ओळखीवर बँक दरोड्यात सामील होते, हे मला पटले नाही. तंत्राच्या हौसेपायी कथेकडे दुर्लक्ष झाले, असे आपल्याला वाटत नाही का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : होय, ते खरे आहे. काही चित्रपटांत काळोखात किंवा एखाद्या खांबाआड कट लपवून सलगतेचा आभास निर्माण केला जातो. येथे तसे काहीही केलेले नाही. दिग्दर्शक झेबास्टियान शिपर यांनी अवघ्या १२ पानांच्या संहितेवर काम केले आणि संवाद बव्हंशी नटांवर सोपवले. बर्लिनमध्ये २७ एप्रिल २०१४ रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू झालेला कॅमेरा सातच्या सुमारास थांबला. संपूर्ण चित्रपट असा तीनदा चित्रित झाला. पहिल्या वेळी नट फार जपून वागले, दुसऱ्या वेळी फारच मोकाट सुटले. आपण पाहिलात तो तिसरा टेक. छायालेखक स्टुर्ला ब्रांट ग्रोव्हलेन हातात कॅमेरा घेऊन नटांबरोबर धावले, जिने चढले, मोटारीत बसले. बर्लिन चित्रपट महोत्सवात त्यांना ‘रौप्य अस्वल’ हा पुरस्कार मिळाला आणि शेवटच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव दिग्दर्शकाच्याही आधी येते, हे मला अगदी न्याय्य वाटते.

आपल्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही, कारण माझ्या मते ही घटना पटते ती या अखंड चित्रणामुळेच. व्हिक्टोरिया माद्रिदहून आलेली आहे, तिला जर्मन येत नाही, शहरात तिचे कोणी नाही, आणि पहिल्याच दृश्यात ती नाइट क्लबच्या लखलखाटात एकटी नाचताना दिसते. बाहेर पडताना भेटलेल्या चार तरुणांबरोबर ती थोडे चालते, मग झोपलेल्या दुकानदाराच्या दुकानातून उचललेली बिअर घेऊन गच्चीवर जाते, आणि सकाळी कॅफे उघडायचा आहे हे ठाऊक असूनही रेंगाळते. यांतला एकही होकार स्वतंत्रपणे पाहिला तर मोठा नाही. कट असता तर मधला वेळ गळाला असता आणि आपणही बाहेर उभे राहून तिच्या वागण्याचा न्यायनिवाडा केला असता. इथे मात्र तिला थांबून विचार करायला जेवढी उसंत मिळत नाही, तेवढीच आपल्यालाही मिळत नाही.

कॅफेतील पियानोचा प्रसंग कृपया पुन्हा एकदा पाहा. चौघांपैकी झोने या तरुणाला ती संगीतकार फ्रान्झ लिस्टचा पहिला ‘मेफिस्टो वॉल्ट्झ’ वाजवून दाखवते, आणि ज्या मुलीला आपण केवळ भटकी समजत होतो तिने संगीतशिक्षणासाठी आपले सारे तारुण्य घातले होते व अखेरीस तिथून तिला नाकारले गेले, हे आपल्याला कळते. ही रचना कवी लेनाऊच्या, सैतानाच्या मोहात सापडलेल्या माणसाची कथा सांगणाऱ्या ‘फाउस्ट’ या काव्यातील प्रसंगावर बेतलेली आहे. तिथे गावातील खाणावळीत लग्नाचा नाच चालू असताना सैतान वादकाच्या हातातून व्हायोलिन घेतो आणि आपल्या वादनाने साऱ्यांना बेभान करतो. मोहाची कथा सांगणाऱ्या चित्रपटात हीच रचना निवडणे हा मला योगायोग वाटत नाही. जिने इतकी वर्षे शिस्तीत घालवून पदरी नकार घेतला, तिला कोणीतरी ‘आम्हाला तू हवी आहेस’ असे म्हणणे किती ओढ लावणारे असेल, याचा विचार करावा. पुढे चौघांपैकी एक जण दारूने आडवा होतो, बॉक्सर नावाच्या दुसऱ्याला तुरुंगात संरक्षण देणाऱ्या गुंडाचे उपकार दरोडा घालून फेडायचे असतात, आणि मोटार चालवायला माणूस कमी पडतो. तेव्हा ती चाकामागे बसते ती पैशासाठी नव्हे.

शहराच्या रात्रीचे चित्रणही याच कारणाने खरे उतरले आहे. क्लबमधला निळसर झगमगाट, रिकाम्या रस्त्यावरचे दिवे आणि हळूहळू उजाडणारे आकाश, हे सारे त्या पहाटेचे प्रत्यक्ष आहे. निल्स फ्राम यांचे संगीत अधूनमधून भोवतालचे आवाज पुसून टाकते, आणि तेवढ्याच ठिकाणी चित्रपट आपल्याला श्वास घेऊ देतो.

प्रश्न : एवढा गाजलेला हा चित्रपट जर्मनीने ऑस्करला का पाठवला नाही?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : परभाषिक चित्रपटांच्या विभागात बहुतांश संवाद इंग्रजीखेरीज अन्य भाषेत असावे लागतात. नायिकेला जर्मन येत नसल्याने पात्रे तिच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतात, त्यामुळे चित्रपट या नियमात बसला नाही. मायदेशात मात्र जर्मन चित्रपट पुरस्कारांत त्याला २०१५ साली सहा पारितोषिके मिळाली, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचेही होते.