गावच्या झेडपी शाळेसाठी माजी विद्यार्थ्यांनी दीड लाख वर्गणी जमवली आहे. इंटरॅक्टिव्ह पॅनल (बोटाने चालणारा मोठा डिजिटल फळा) घ्यावं की मुलांना टॅब?

आधी सांगा, शाळेतल्या गुरुजींना विचारलंत का? बहुतेक ठिकाणी वस्तू ठरते, उद्घाटनाची तारीख ठरते, आणि जो ती वापरणार त्याला सगळ्यात शेवटी कळतं.

मी द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी शिकवतो. २०१५ नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाच्या लाटेत आमच्याकडेही लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आला. दोन वर्षांत त्याचा दिवा गेला. नव्या दिव्याची किंमत ऐकून मुख्याध्यापकांनी प्रोजेक्टर कपाटात ठेवला, तो अजून तिथेच आहे. शेजारच्या शाळेचे टॅबही कुलपातच, कारण फुटला तर भरून कोण देणार?

पॅनल वाईट नाही. पण बहुतेक पॅनलचा टच चौकटीतल्या अदृश्य इन्फ्रारेड किरणांवर चालतो. शेजारच्या फळ्यावर खडू वापरला की धूळ चौकटीत बसते आणि बोट न लावता पान उलटायला लागतं. भूत शिरलंय म्हणून पोरं खूश! कोरड्या फडक्याने रोज पुसलं की झालं, पण हे विकणारा सांगत नाही.

माझ्या वर्गात सगळ्यात जास्त कामाला आलेली गोष्ट कागदाची आहे. प्लिकर्स नावाचं ॲप आहे. प्रत्येक मुलाकडे एक छापील कार्ड, त्यावर क्यूआर कोडसारखी काळी-पांढरी खूण, चार बाजूंना ए, बी, सी, डी. उत्तराची बाजू वर धरायची. मी माझ्या मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कोणी काय उत्तर दिलं ते स्क्रीनवर येतं. प्रत्येकाची खूण वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. (लॅमिनेशन चकाकणारं करू नका, कॅमेऱ्याला खूण दिसत नाही.)

एकदा ५२ वजा २७ दिलं. अठरापैकी अकरा जणांनी ३५ ची बाजू वर धरली. 'मोठ्यातून लहान वजा करायचं' हे मीच शिकवलं होतं, त्यांनी ते एकक-दशक दोन्हीकडे इमानदारीत पाळलं. एरवी दोन हुशार पोरांनी '२५!' असं ओरडल्यावर मी पुढच्या पानावर गेलो असतो. त्या दिवशी काड्यांचे गठ्ठे बाहेर काढले, एक दशक सोडवला, आणि मग जमलं.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्यामागचं मोठं काम म्हणजे पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड, मोबाइलने स्कॅन केले की धड्याचा व्हिडिओ किंवा ऑडिओ उघडणारे. तिथेही नवं यंत्र कुठलं? कोड कागदावर छापायचा, मोबाइल पालकांच्या खिशातला. ते कोड आज तुमच्या शाळेच्या पुस्तकांतही असतील. उघडून बघायला एक बरा स्पीकर आणि जुना का होईना, पण मोठा टीव्ही पुरतो.

म्हणून मी काय करीन? इन्व्हर्टर, बॅटरी, टीव्ही, स्पीकर, एक चांगला मोबाइल आणि कार्डांचे संच. उरलेले पैसे शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात, दुरुस्तीसाठी. तरीही पॅनलच घ्यायचं ठरलं, तर वॉरंटीत तंत्रज्ञ गावात येणार की पॅनल तालुक्याला न्यायचं, हे लिहून घ्या. आणि लाइट बिल कोण भरणार, तेही त्याच बैठकीत ठरवा.