वाचकांचे प्रश्न : मिशनऱ्यांचा त्याग खरा मानावा काय?

प्रश्न : आमच्या शेजारी मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर राहतात. पहाटे उठून त्या तास-तासभर प्रार्थना करतात आणि गल्लीत कोणी आजारी पडले की आजही रात्री-अपरात्री धावून जातात. माझ्या मुलाचे म्हणणे असे की, ख्रिस्ती लोकांची ही उत्कट भक्ती आणि जुन्या मिशनऱ्यांचा त्याग हे धर्मांतरासाठी घेतलेले सोंग आहे. आपणांस काय वाटते?
— एक वाचक, जालना

उत्तर : मिशनऱ्यांना माणसे ख्रिस्ती करून घ्यायची होती, हे त्यांनी कधीच लपवले नाही, आपण येथे कशासाठी आलो हे ते उघडपणे सांगत आणि लिहीत. परंतु मनात हेतू होता म्हणून त्याग खोटा ठरतो, हे आपल्या चिरंजीवांचे अनुमान मला मान्य नाही. सोंग घेणारा माणूस लाभ संपला की सोंग उतरवून ठेवतो. म्हणून जेथे लाभाची आशाच उरली नव्हती, तेथे ही माणसे कशी वागली, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत आले. मार्च १८२६ मध्ये ते नाशिकला पोहोचले, तेव्हा तेथे पटकीने (कॉलऱ्याने) थैमान घातले होते. जवळची औषधे त्यांनी रोग्यांना वाटली आणि धर्माच्या पुस्तिकाही वाटल्या. परतीच्या वाटेवर एका खेड्यातील देवळाच्या ओसरीत ते मुक्कामाला थांबले असताना त्यांनाही पटकीने गाठले आणि काही तासांतच त्यांचा अंत झाला. पत्नी आणि मुले काही महिन्यांपूर्वीच अमेरिकेला रवाना झाली होती. इतक्या वर्षांच्या खटाटोपानंतर बाप्तिस्मा घेतलेली माणसे अगदी मोजकीच होती. औषध आणि पुस्तिका एकाच हाताने वाटल्या गेल्या, हे खरेच आहे; पण स्वतःसाठी राखून न ठेवता औषध वाटून टाकणारा तो हात सोंगाड्याचा होता, असे म्हणायला माझे मन धजत नाही.

आपल्या जालन्याचेच उदाहरण याहून जवळचे आहे. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातील तरुण १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले आणि पुढे त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभी केली. तेथे वस्तीला आलेल्या कुटुंबांत मांग समाजातील माणसे पुष्कळ होती. त्या काळी अशा वस्तीत आयुष्य घालवणे म्हणजे आप्तांची पंगत, सोयरीक आणि जन्मजात मान या सर्वांना कायमचे मुकणे होते, आणि त्या बदल्यात मिळणारा मिशनचा पगार ही काही त्याची भरपाई नव्हे.

मात्र याच घराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन होता आणि वडिलांचा विरोध असताना तो मिशनऱ्यांकडे राहिला होता. अखेर न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. पुढे त्याला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी प्रयत्न केले आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मिशनऱ्यांची श्रद्धा खरीच होती. तरीही अजाण मुलाला बापापासून दूर ठेवणे मला अन्यायाचे वाटते. दुष्काळांविषयीही माझे मत असेच आहे. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९–१९०० साली, मिशनांच्या आश्रयामुळे असंख्य अनाथ मुले जगली, हे उपकार मोठेच. परंतु भुकेल्या माणसाने अन्नदात्याच्या धर्माला दिलेला होकार मोकळा म्हणता येत नाही. श्रद्धेचा खरेपणा हा वागणुकीच्या योग्यतेचा दाखला नव्हे, आणि वागणूक चुकली म्हणून श्रद्धा बेगडी होती असेही ठरत नाही.

आता उत्कटतेविषयी. मदर तेरेसा यांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला, कारण देव जवळ असल्याची जाणीव आपल्याला कित्येक वर्षे होत नाही, असे त्यांनी त्यांत कळवळून लिहिले होते. काहींनी यावरून त्यांना दांभिक ठरवले. गंगाखेडच्या जनाबाई विठ्ठलाशी कशा भांडतात, त्याला कसे शिव्याशाप देतात, हे ज्यांच्या कानांवर लहानपणापासून पडले आहे, त्या मराठवाड्यातील माणसाने तरी असा निष्कर्ष काढू नये. मनातून ओलावा आटलेला असताना कुष्ठरोग्याची जखम धुण्याचे काम एक दिवसही न थांबवणे, ही भक्ती मला डोळ्यांतून पाणी आणणाऱ्या प्रार्थनेपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. १९९९ मध्ये ओडिशात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले जिवंत जाळली गेली. त्यानंतर त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि बारीपदा येथील कुष्ठरोग्यांची सेवा पुढे कित्येक वर्षे चालू ठेवली. त्या दिवशीच त्या ऑस्ट्रेलियाला परत गेल्या असत्या, तरी त्यांना कोणी बोल लावला नसता.

आपल्या शेजारच्या सिस्टरांना मी ओळखत नाही, म्हणून त्यांच्याविषयी निवाडा देणार नाही. त्या निवृत्त आहेत आणि रात्री धावून जाण्याबद्दल त्यांना कोणी पगार देत नाही, एवढे तर आपल्याच पत्रावरून दिसते. चिरंजीवांना घेऊन एकदा त्यांच्याकडे जावे आणि धर्मांतराचा प्रश्नही आडपडदा न ठेवता त्यांनाच विचारावा. त्या दवाखान्यात औषधपाणी घेतलेली जुनी माणसे जालन्यात आणि आसपासच्या खेड्यांत अजून असतील. उपचाराआधी किंवा नंतर आपल्याला धर्माविषयी काय सांगितले गेले, काय मागितले गेले, हे त्यांच्याकडूनही ऐकून घ्यावे.