पाणबुडीचं जलावतरण झाल्यावरही ती नौदलात यायला दोन-तीन वर्षं का लागतात?

तुम्ही ‘वागशीर’चं उदाहरण दिलंय. मुंबईच्या माझगाव डॉक या गोदीत 20 एप्रिल 2022 ला जलावतरण, आणि नौदलात दाखल थेट 15 जानेवारी 2025 ला. मधली पावणेतीन वर्षं गोदीवाले काय करत होते, असा तुमचा सूर. पाण्यात उतरली म्हणजे बांधून झाली असं तुम्ही धरून चाललात, तिथेच गडबड आहे. उतरते तेव्हा हल, म्हणजे पाणबुडीचं पोलादी कवच, पूर्ण झालेला असतो, बोट नव्हे.

माझा व्यवसाय प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे बॉयलरसारख्या दाब सोसणाऱ्या टाक्यांच्या, वेल्डिंग तपासणीचा. पाणबुडीवर काम केलेलं नाही, पण हलबद्दल जरा जास्त बोलणार, खोड आहे.

बॉयलरमध्ये दाब आतून असतो. पत्रा ताणला जातो आणि गोलाई थोडी बिघडलेली असली तरी तो ताणच ती सावरून घेतो. पाणबुडीत दाब बाहेरून. तिथे गोलाईतली लहानशी चूक दाबाबरोबर वाढत जाते आणि एका मर्यादेनंतर हल रिकाम्या डब्यासारखा चेपतो. 300 मीटर खोलीवर दर चौरस मीटरला जवळपास 300 टन भार येतो. म्हणून पत्रे वाकवून केलेल्या, हल ज्यांचा बनतो त्या अवाढव्य कड्यांची गोलाई मिलिमीटरमध्ये तपासतात. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा खेचला जातो, तेव्हा कुठला जोड आधी नि कुठला नंतर हेही ठरलेलं असतं. पोलाद उच्च ताकदीचं, ते आधी तापवून घ्यावं लागतं. त्यातही हायड्रोजनमुळे पडणारी भेग वेल्ड थंड झाल्यावर काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी उघडते. सकाळी जोडलं आणि संध्याकाळी पास केलं, हे इथे चालत नाही.

हे कसब माझगाव डॉकने एकदा कमावलं होतं. जर्मन आराखड्याच्या ‘शल्की’ (1992) आणि ‘शंकुल’ (1994) या पाणबुड्या तिथेच बांधल्या गेल्या. मग पुढची ऑर्डरच आली नाही. 2005 मध्ये फ्रेंच आराखड्याच्या स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला (‘वागशीर’ त्यांतलीच) तोवर हात बसलेली माणसं पांगली होती. त्यांतली पहिली ‘कलवरी’ रखडली त्याची इतर कारणंही आहेत, पण माझ्या मते हे कारण मोठं आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

हलचे पाच भाग वेगवेगळे बांधतात. यंत्रं रबरी आधारांवर बसवून उघड्या तोंडातून आत सरकवतात, म्हणजे त्यांचा आवाज हलमार्गे पाण्यात कमी जातो. नंतर भाग एकमेकांना जोडले की आतलं डिझेल इंजिन अख्खं बाहेर काढायला हलच कापावा लागतो. पुढे निर्वात चाचणी: आतली थोडी हवा खेचून घ्यायची आणि दाब टिकतो का पाहायचं.

जलावतरणानंतरचं काम फोटोत दिसत नाही. एकेक यंत्रणा बंदरातच चालू करून तपासायची, मग सगळ्या मिळून. बॅटरीचे 360 सेल, प्रत्येक सुमारे 750 किलोचा. चार्ज होताना त्यातून हायड्रोजन सुटतो, त्यामुळे हवा खेळती आहे याची खात्री पटल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘वागशीर’ पहिल्यांदा समुद्रात गेली ती 18 मे 2023 ला, म्हणजे जलावतरणानंतर वर्षभराने.

पहिली बुडी खोल जाण्यासाठी नसतेच, ती वजन जुळवण्यासाठी असते. पाण्याखाली बोटीचं वजन तिने सारलेल्या पाण्याइतकंच असावं लागतं. कागदावरचा हिशोब आणि प्रत्यक्ष बोट यांत फरक निघतोच. तो शिशाचे ठोकळे हलवून आणि टाक्यांतलं पाणी कमीजास्त करून भरून काढतात. मग टप्प्याटप्प्याने खोल. दर टप्प्याला थांबून झडपा, शाफ्टचं सील, हलमधून जाणाऱ्या केबल तपासायच्या. मुंबईसमोरचा समुद्र फार दूरवर उथळ आहे, त्यामुळे खोल बुडीसाठी लांब जावं लागतं. शिवाय बोटीच्या आवाजाची मोजणी, सोनार (ध्वनीने पाण्यातलं हेरणारी यंत्रणा) आणि शेवटी शस्त्रं. ‘कलवरी’ने मार्च 2017 मध्ये क्षेपणास्त्र आणि मे मध्ये टॉर्पेडो डागला. दोष सापडला की बंदरात परत, दुरुस्ती, आणि तीच चाचणी पुन्हा.

सगळं पास झालं की गोदी आणि नौदल ताबापत्रावर सह्या करतात. ध्वज चढण्याचा, म्हणजे नौदलात दाखल होण्याचा समारंभ त्यानंतर. ‘कलवरी’चा ताबा 21 सप्टेंबर 2017 ला, समारंभ 14 डिसेंबरला. ‘वागशीर’च्या बाबतीत दोन्हींत जेमतेम आठवडा होता.

गोदीची तुलनाच करायची तर सागरी चाचण्या सुरू झाल्यापासून ताबा मिळेपर्यंतचा काळ धरा. ‘कलवरी’ला सुमारे सतरा महिने लागले. पाचवी ‘वागीर’ 1 फेब्रुवारी 2022 ला समुद्रात गेली आणि 20 डिसेंबरला नौदलाच्या ताब्यात होती. सहावी ‘वागशीर’ मात्र पुन्हा वीस महिन्यांच्या घरात गेली.