परदेशी बी-बॉयच्या (ब्रेकडान्सरच्या) वर्कशॉपला पहिल्यांदा जाताना

मोबाइल बॅगेत ठेव. समोरचा वजन कुठल्या पायावर टाकतो, ते डोळ्यांनीच बघावं लागतं. टॉपरॉक (उभ्याने करायच्या स्टेप्स) आणि सिक्स-स्टेप (हात जमिनीला टेकून सहा पावलांत गोल फिरणं) घरी घोटून ये. पाहुण्याचा वेळ त्यात घालवू नकोस. गुडघ्यांना पॅड हवेतच. ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्स, १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये रुजलं, लॉकिंग-पॉपिंग या नाचाच्या शैली मात्र कॅलिफोर्नियाच्या. एवढं माहीत असलं की प्रश्नही नीट सुचतात. इंग्रजी मोडकं असू दे, बिनधास्त विचार. खरी देवाणघेवाण होते ती शेवटच्या सायफरमध्ये, म्हणजे सगळे गोल करतात आणि एकेक जण मध्ये उतरतो तेव्हा. दादरची लोकल सुटली तरी थांब. सायफरमध्ये पाहुण्याचीच स्टेप त्याला परत दाखवू नकोस. शाळेत लेझीम खेळलायस ना? तो ठेका टॉपरॉकमध्ये घालून बघ. फक्त फोटोसाठी फेटा बांधून येऊ नकोस, बाबा!